एकटीच्या सॅकमधला ट्रायपॉड

चार-पाच जण मिळून ट्रेकला निघाले की वजन वाटलं जातं. एकाकडे तंबू, एकाकडे पातेली, एकाकडे शिधा. एकटीने निघालं की सगळं आपल्याच खांद्यावर. उन्हाळ्याकडे झुकल्यावर गडावरच्या टाक्यांचा भरवसा नसतो, म्हणजे तीन लिटर पाणी घ्यायचं, म्हणजे तीन किलो तिथेच गेले. त्यावर कॅमेरा, लेन्स, हेडटॉर्च, औषधं, डबा. त्यामुळे ट्रायपॉड दीड किलोचा घ्यावा की एक किलोचा, हा प्रश्न मी पाण्यात मोजते. फरक अर्ध्या लिटरचा. मार्च-एप्रिलच्या उन्हात कळसूबाईच्या शेवटच्या शिडीपाशी अर्धा लिटर पाणी फार मोठी गोष्ट असते.

तरी ट्रायपॉड घरी ठेवा, असं मी कुणाला सांगणार नाही. एकट्या माणसाला तो जास्तच लागतो. उजाडायच्या आधीचा निळसर प्रकाश, पावसाळ्यातले धबधबे, रात्रीचं आकाश, यातलं काहीच हातात कॅमेरा धरून नीट मिळत नाही. १६ मिलिमीटरची लेन्स आणि एपीएस-सी सेन्सर असेल तर तारे टिंबासारखे राहण्यासाठी शटर साधारण वीस सेकंद उघडं ठेवता येतं. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर पृथ्वीच्या फिरण्याने ताऱ्यांच्या रेघा होतात. वीस सेकंद श्वास रोखून बसलं तरी हात काही स्थिर राहत नाही. शिवाय हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखी जागा किती मोठी आहे हे कळायला चौकटीत एक माणूस हवा असतो, आणि आसपास दुसरं कुणीच नसतं. टायमर लावायचा आणि आपणच जाऊन उभं राहायचं, अर्थात धारेपासून चांगलं लांब. त्या कड्यावरून खाली डोकवायचं तर लोक पोटावर झोपून डोकावतात, तो रिवाज एकटं असताना तर अजिबात मोडू नये.

दुकानात गेलं की खोक्यावरचे दोन आकडे आधी दिसतात. कमाल उंची आणि भार पेलायची क्षमता. माझ्या मते निवड चुकते ती या दोन आकड्यांमुळेच. भारक्षमता मोजायची सगळ्या कंपन्यांना बांधून ठेवणारी एकच पद्धत नाही. ‘आठ किलो’ लिहिलं म्हणजे आठ किलोखाली तो कोसळणार नाही, एवढाच अर्थ घ्यावा. एक किलोचा कॅमेरा त्याच्यावर वाऱ्यात किती थरथरेल, हे तो आकडा सांगत नाही.

थरथर ठरते नळीच्या जाडीवर. पत्रा तेवढ्याच जाडीचा ठेवून नळीचा व्यास वाढवला, तर तिचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १२ मिलिमीटरच्या नळीऐवजी १६ मिलिमीटरची नळी आली की त्या टप्प्याचं वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढतं, पण ताठपणा दुपटीहून जास्त होतो. घडी आखूड करण्यासाठी पायाचे पाच टप्पे केले की शेवटची नळी काडीएवढी उरते, आणि सगळा ट्रायपॉड उभा त्या तीन काड्यांवर. म्हणून मी चार टप्प्यांचा घेते. पाच टप्प्यांचा असेल तर शेवटचा टप्पा बंदच ठेवावा, आणि एवढी उंची पुरते का ते दुकानातच पाहावं.

ती पुरते, असा माझा अनुभव आहे. पीक डिझाइनच्या ट्रॅव्हल ट्रायपॉडची पूर्ण उंची साधारण १५२ सेंटिमीटर आहे, पण मधला दांडा वर न काढता ती १३० च्या आसपास राहते. हा दुसरा आकडा खरा कामाचा. मधला दांडा वर काढला की तीन पायांवर एक चौथी, एकटीच डुलणारी काठी उभी राहते. कॅमेऱ्याचा स्क्रीन हल्ली वर वळतो, त्यामुळे डोळ्याच्या उंचीचा हट्ट कशाला? डोंगरात चांगल्या चौकटी बऱ्याचदा कमरेखालीच मिळतात. पुढे गवत, मध्ये कातळ, मागे दरी.

विकत घेण्याआधी मी काउंटरशेजारी एक चाचणी करते, आणि दुकानदार कितीही घाईत असला तरी ती सोडत नाही. पाय पूर्ण उघडायचे, मधला दांडा खालीच. वर आपला स्वतःचा कॅमेरा, आपली सगळ्यात लांब लेन्स. ट्रायपॉडच्या डोक्यावर तळवा ठेवून खाली दाबायचं. पाय बाहेर फाकले किंवा नळी सरकून आत गेली तर तिथेच नको म्हणायचं. मग वरची पाटी दोन बोटांत धरून डावीउजवीकडे पिळायची. बहुतेक हलके ट्रायपॉड इथे उघडे पडतात. वरून दाबलं की ठाम, पिळलं की सैल. शेवटी स्क्रीनवर समोरच्या खोक्यावरची बारीक अक्षरं दहापट मोठी करायची आणि पायाला टिचकी मारायची. अक्षरं नाचतात आणि मग थांबतात. ती दोन सेकंदांच्या आत थांबली पाहिजेत, कारण कॅमेऱ्याचा छोटा टायमर दोन सेकंदांचाच असतो. बटण दाबल्याने बसलेला हादरा तेवढ्यात विरला नाही, तर फोटोत तो येणारच.

रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, वारा घुसतो तेव्हा हीच अक्षरं डोळ्यासमोर येतात. तिथे उभं राहून मोठा केलेला स्क्रीन पाहिला की लांबच्या डोंगराची कड सतत शहारत असते. अशा वेळी एक पाय लेन्सच्या दिशेला, बरोबर तिच्याखाली आणायचा, खालचे टप्पे मिटून ट्रायपॉड गुडघ्याएवढा करायचा आणि आपलं अंग वाऱ्याच्या बाजूला आडवं धरायचं. मधल्या दांड्याच्या हुकाला सॅक अडकवायचा सल्ला सगळे देतात. सॅक लटकती राहिली तर वाऱ्याने झुलते आणि ट्रायपॉडलाही झुलवते. ती जमिनीला टेकलेली हवी, हुकावर नुसता ताण राहील इतपत.

कार्बन की अ‍ॅल्युमिनियम, यावर माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. गित्झोने १९९४ साली कार्बन फायबरचा ट्रायपॉड आणला आणि डोंगरातल्या फोटोग्राफरची पाठ खरोखर हलकी झाली. कार्बनमध्ये थरथर लवकर विरते, पहाटेच्या थंडीत तो हाताला चटका देत नाही. पण एकाच मॉडेलमधला फरक पाहा. पीक डिझाइनचा अ‍ॅल्युमिनियमचा १.५६ किलो, कार्बनचा १.२७. वाचतात तीनशे ग्रॅमच्या आसपास, आणि पैसे मात्र बरेच जास्त जातात. शिवाय कातळावर धारदार आघात झाला तर अ‍ॅल्युमिनियमला पोचा येतो, कार्बनला तडा जातो. पैसे मोजकेच असतील तर अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पायांवर आणि कॅमेरा धरणाऱ्या चांगल्या बॉलहेडवर घालावेत. स्वस्त बॉलहेड घट्ट केल्यावरही कॅमेरा केसभर खाली बसतो. दिवसा ते कळत नाही, पण रात्री एकाच चौकटीचे पन्नास फोटो काढून जोडायचे असतील तर सगळं वाया जातं.

घडीची लांबी माझ्या लेखी वजनाइतकीच महत्त्वाची आहे. पाय उलटे फिरून बॉलहेडला वेढतात अशी रचना असली की घडी चाळीस सेंटिमीटरच्या आसपास येते आणि सॅकच्या आत जाते. आत जाणं फार गरजेचं. बाहेर बांधलेला, डोक्यावर निघालेला ट्रायपॉड कारवीच्या जाळीत अडकतो, आणि लोखंडी शिडीवर एका बाजूला ओढ लागली की दोन्ही हात शिडीवर असूनही तोल सावरावा लागतो. सोडवायला मागे कुणी नसतं.

कुलुपांचे प्रकार दोन. पिळायची आणि खटक्याची. पिळायची सुटसुटीत, झाडाझुडपांत न अडकणारी, पण पावसाळ्यातला चिखल आट्यांत शिरला की करकरतात. खटक्याचं कुलूप उघडं की बंद, ते अंधारात बोटाला कळतं. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे टिपायला गेलं की याचं मोल समजतं. तिथे दिवा लावायचाच नसतो. उजेडाने काजव्यांचं लुकलुकणं बिघडतं आणि शेजाऱ्याचा फोटोही.

पावसानंतरच्या सड्यांवर, सीतेची आसवं किंवा गेंद या इवल्या फुलांसाठी, ट्रायपॉड पार जमिनीलगत यावा लागतो. मधला दांडा आखूड किंवा काढता येण्याजोगा असेल तरच ते जमतं. पाय टेकायला उघडा कातळ शोधावा. दोन बोटं उंचीच्या त्या रोपांवर रबरी टोक दाबलं की त्या वर्षीचं तिथलं फूल संपलं.

लवचीक पायांचे छोटे ट्रायपॉड हलके खरे, पण दगड किंवा फांदी हवी तिथे असेलच असं नाही. फक्त मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला ते छान पुरतात. ट्रायपॉड कुठलाही असो, रायगडासारख्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तो लावायला परवानगी लागते, ती आधीच काढून ठेवावी.

घरी आल्यावर पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवावेत, कोकणात समुद्रावर लावला असेल तर त्याच रात्री. पिळायची कुलुपं सोडवून, पुसून, उघडीच वाळू द्यावीत. आणि पायांचे सांधे आवळायची छोटी अ‍ॅलन की दुकानातून खोक्यात येते, ती खोक्यातच राहते. ती सॅकच्या वरच्या कप्प्यात हवी, कॅमेऱ्याच्या जादा बॅटरीशेजारी, कारण गडावर उसनी मागायला कुणी नसतं.