खोरे आणि द्रोणी

‘गोदावरीच्या खोऱ्यातील वालुकाश्म गोदावरीनेच घातला,’ असे मी कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो. विधान सोपे आणि मुलांना चटकन पटणारे, परंतु चुकीचे. ही चूक माझ्या हातून करविली ती ‘खोरे’ या शब्दाने.

खोरे म्हटले की नदीने कोरलेला प्रदेश डोळ्यांपुढे येतो. चंद्रपूरपासून प्राणहितेच्या काठाने येल्लंदू-कोत्तागुडेमकडे गेलेला वालुकाश्म मात्र भर पडून झालेला आहे. आणि भर पडावयास आधी खळगा हवा. सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी येथील भूकवचाचा एक लांब पट्टा दोन भेगांच्या दरम्यान हळूहळू खचू लागला. तो खचेल तसतशी त्या काळच्या नद्यांनी त्यात वाळू आणून टाकली. नदीचे पात्र फार तर काही मीटर खोल. थरांची जाडी काही हजार मीटर! तळ सतत खाली गेला नसता, तर इतकी वाळू सामावली कशी असती? अशा खचत्या भूभागास ‘द्रोणी’ म्हणतात. विल्यम किंग यांना १८७१ साली येल्लंदूजवळ कोळसा आढळला तो याच द्रोणीत.

आता त्या नद्या कोणत्या दिशेने वाहत होत्या, हे दगडच सांगतो. वाहत्या पाण्यात वाळूचे कण उंचवट्यावर चढतात व पुढच्या उतारावरून घसरतात. त्यामुळे थरांच्या आत तिरप्या रेषा उमटतात. त्यांचा उतार प्रवाहाच्या दिशेस असतो. नदी वळणे घेते, म्हणून एका रेषेवर विसंबता येत नाही. पुष्कळ मोजमापे घ्यावी लागतात. तशी ती घेतली असता येथील जुने प्रवाह सामान्यतः उत्तर-वायव्येकडे वाहत होते असे दिसते. आजची गोदावरी वाहते आग्नेयेस!

याचे कारण असे, की त्या काळी भारताच्या पूर्वेस समुद्र नव्हता. अंटार्क्टिकाची भूमी जोडलेली होती. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी ती दुरावू लागली, मध्ये समुद्र आला आणि पुढे भूमीचा उतारही फिरला. गोदावरी ही त्या जुन्या वाळूची जननी नव्हे. उलट तीच आज ती वाळू झिजवीत आहे.

म्हणून शिक्षकबंधूंस विनंती, की आजच्या नदीसाठी ‘खोरे’ आणि त्या प्राचीन खळग्यासाठी ‘द्रोणी’ असे दोन शब्द निरनिराळे वापरावेत. फळ्यावर परस्परविरुद्ध दोन बाण काढले, की मुलांना बाकीचे समजते.