दुकानामागचे घर आणि सुटकेची वाट

लातूरच्या गंजगोलाईभोवती किंवा नांदेडच्या वजिराबाद, इतवारा भागात हिंडले की पुढे दुकान आणि मागे अथवा माडीवर संसार, अशी घरे ओळीने दिसतात. आपल्या समाजातही नोकरी न मिळालेल्या कित्येक तरुणांनी पुढच्या खोलीत किराणा, शिलाई, झेरॉक्सची दुकाने थाटली. हा स्वावलंबनाचाच मार्ग होय. परंतु अशा घरात आम्हाला चोरापेक्षा आगीचे भय अधिक वाटते.

३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात, दाणाबाजारात, तळमजल्यावरील कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जण धुराने गुदमरून मृत्युमुखी पडले. त्याआधी ३० ऑगस्ट २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत, हार्डवेअरच्या दुकानातच राहणारे चौघांचे कुटुंब असेच पहाटे गेले.

तापलेला धूर वर चढतो आणि दुकानातून माडीवर जाणारा जिना त्याचे धुराडे बनतो. त्यातील कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. झोपलेला माणूस जागाच होत नाही. जागा झालाच तर जायचे कोठे? पुढे शटर, खिडक्यांना पक्के गज. चोरासाठी केलेला बंदोबस्त घरच्यांनाच कोंडतो. म्हणून मागे एक दार हवेच. जागा नसेल तर एका खिडकीचे गज दारासारखे उघडणारे करावेत, कुलपाची किल्ली शेजारीच टांगावी आणि ती लेकरांनाही ठाऊक असावी. शटरचे कुलूप आतून उघडता यावे. जिन्याला दार बसवून ते रात्री लावावे.

फ्रीज, इस्त्री, पंखा एकाच जोडवायरवर चालवू नये. बाटल्यांतून पेट्रोल विकणे तर बेकायदेशीरच आहे. त्या बाटल्यांशेजारी झोपणे म्हणजे कहर! बॅटरीची दुचाकी जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावू नये. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१ भिंतीवर ठळक लिहावा.

आणखी एक गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे माणसांवर कोसळले, हे आपला भाग विसरलेला नाही. तरीही शटरसाठी पुढची भिंत सर्रास फोडली जाते. वरचा भार त्याच भिंतीवर असतो. जाणत्या इंजिनिअरला दाखवून, आधी तुळई व खांब उभे करून मगच भिंतीला हात लावावा. नुसत्या मिस्त्रीच्या भरवशावर हे काम सोडू नये.