मोबाइलवरची ओळख आणि एचआयव्हीची चाचणी

अशोक राव कवी यांनी १९९४ मध्ये मुंबईत ‘हमसफर ट्रस्ट’ची स्थापना केली, त्या काळात समलिंगी पुरुषांच्या भेटीगाठी बागा, रेल्वे स्थानके अशा ठरावीक जागी होत असल्याने खांद्याच्या पिशवीत निरोध घेऊन फिरणारा कार्यकर्ता त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत असे. २००९ मध्ये आलेल्या ‘ग्राइंडर’सारख्या ॲपमुळे ही ओळख घरबसल्या होऊ लागली आणि त्या कार्यकर्त्याची वाट अडली.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या पाहणीत पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांमधील एचआयव्हीचे प्रमाण ३.२६ टक्के होते, तर देशातील प्रौढांमध्ये ते सुमारे ०.२ टक्के होते. या तफावतीचा दोष ॲपच्या माथी मारता येत नाही. निरोधाविना गुदसंभोगात संसर्गाचा धोका अधिक असतो, उपदंश व परम्यासारख्या गुप्तरोगांनी तो वाढतो आणि लोकलाजेपायी चाचणी लांबणीवर पडते.

ॲपवर स्वतःची माहिती देताना ‘निगेटिव्ह’ या शब्दापुढे कधी कधी शेवटच्या चाचणीची तारीखही लिहिलेली असते. संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंतच्या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात आणि प्रतिपिंड शोधणाऱ्या चाचणीत तो ९० दिवसांपर्यंत असू शकत असल्याने, त्या तारखेवरून आजची खात्री देता येत नाही. याउलट, विषाणूरोधक औषधे नियमित घेतल्याने ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतके घटले आहेत आणि तसेच राहिले आहेत, त्या एचआयव्हीबाधिताकडून शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही; म्हणून ‘पॉझिटिव्ह’ शब्दाला भिऊन माणसाला दूर लोटणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निरर्थकही आहे.

निरोधाबरोबर आता संबंधापूर्वीपासून घ्यावयाच्या प्रतिबंधक गोळ्या, म्हणजे ‘प्रेप’, उपलब्ध आहेत. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, चाचणी करून घ्याव्या लागतात. धोक्याचा संबंध घडून गेला असल्यास ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, ‘पेप’ ही औषधे सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. मात्र या दोन्ही औषधांनी इतर गुप्तरोग टळत नाहीत, त्यामुळे निरोधाची गरज उरतेच.

प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, तर २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने चाचणीसाठी संमती आणि माहितीची गुप्तता बंधनकारक केली. शासकीय चाचणी केंद्रांत तपासणी व समुपदेशन मोफत मिळते आणि ज्या मोबाइलवर ओळखी होतात, त्याच मोबाइलवरून १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विनाशुल्क विचारता येते. ते विचारण्यात लाज कसलीच नाही.