पोत्याखाली दडलंय काय?

'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपल्याला पाठ. सामरिक मालाच्या तस्करीत ती उलटी वाचायची: कागदावर कथील, खोक्यात सोनं. सोन्याचा तस्कर बिस्किटं बुटात, पट्ट्यात, नको तिथे लपवतो. क्षेपणास्त्राचे सुटे भाग नेणाऱ्याला बऱ्याचदा लपवायची गरजच पडत नाही. तो फक्त मालाचं नव्याने बारसं करतो.

एप्रिल 1990. इंग्लंडच्या टीसपोर्ट बंदरात इराकला निघालेले 8 पोलादी पाइप कस्टमने अडवले. कागद म्हणत होते, पेट्रोकेमिकल कारखान्यासाठी. एकाला एक जोडले असते तर तोफेची नळी झाली असती: तोंड 1 मीटर, लांबी 156 मीटर. दोन कुतुबमिनार आडवे टाकले तरी नळीच पुढे! आणखी भाग ग्रीस, तुर्कस्तान, इटलीत सापडले. एकेका देशात पाहावं तर जाडजूड पाइप, सगळे तुकडे एकत्र मांडावेत तर तोफ.

उत्तर कोरियाच्या जहाजांचं आणि साखरेचं काय गूळपीठ आहे कोण जाणे! जून 1999 मध्ये, कारगिलचं युद्ध ऐन भरात असताना, 'कु वोल सान' हे जहाज साखर उतरवायला कांडला बंदरात लागलं. आत काही खोकीही होती. कागदावर 'पाणी शुद्धीकरणाची यंत्रसामग्री'. खलाशी ती उघडू देईनात. पाण्याच्या फिल्टरसाठी एवढी हातघाई? उघडली तेव्हा स्कड जातीच्या क्षेपणास्त्रांचे भाग आणि आराखडे निघाले.

14 वर्षांनी, जुलै 2013 मध्ये, पनामा कालव्यापाशी 'चोंग चोन गांग' अडवलं गेलं. क्युबाहून निघालेलं, संशय अमली पदार्थांचा. वर तपकिरी साखर, 10 हजार टन, 2 लाखांहून जास्त पोती. आपल्या कारखान्यांच्या गोदामातली थप्पी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढची हमाली सांगायला नको. पोती उपसता उपसता खाली लागली सुटी केलेली दोन मिग-21 विमानं, शिवाय 15 इंजिनं. माल भंगारात काढायच्या वयाचा, दुरुस्तीला चाललाय, असा क्युबाचा खुलासा. दुरुस्तीला न्यायची वस्तू साखरेखाली का ठेवतात, ते मात्र राहिलंच.

मुतखडा फोडणाऱ्या यंत्रात एक स्विच असतो. तसलाच स्विच अणुबॉम्बच्या स्फोटकांना ठिणगी देऊ शकतो. 2003 मध्ये अमेरिकेतून तसे 200 नग मागवले गेले, कागदावर दक्षिण आफ्रिकेतलं रुग्णालय दाखवून. 200? असे किती मुतखडे? तपास यंत्रणांनी 66 नगांचा पहिला हप्ता आधी निकामी करून घेतला, मग खुशाल जाऊ दिला आणि तो कुठे पोचतो ते पाहत राहिल्या. पोचला पाकिस्तानात.

त्याच वर्षी 'बीबीसी चायना' नावाचं जहाज पकडलं गेलं. माल मलेशियात घडवलेला, चढवलेला दुबईत, जहाज जर्मन मालकाचं, खबर अमेरिका-ब्रिटनची, तपासणी इटलीत, पत्ता लिबियाचा. खोक्यांत युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे भाग आणि सगळ्यामागे पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांचं जाळं. एवढ्या देशांतून फिरलेला माल एका देशाच्या कस्टमने एकट्याने पकडणं शक्यच नव्हतं.

बरं, मालाला नाव द्यायची जागतिक पद्धत आहे. 1988 पासून सहा आकडी संकेतांक, 200हून अधिक देशांत तोच. पण एका संकेतांकात साधा पंपही बसतो आणि नको तो पंपही. बॉलपेनच्या शाईत जाणाऱ्या थायोडायग्लायकॉलपासून मस्टर्ड वायू बनतो. जपानने तर 2000 साली प्लेस्टेशन-2 ला निर्यातबंधनं लावली होती, त्यातली चिप क्षेपणास्त्राला वाट दाखवील म्हणून. पोरं ते रात्रभर खेळत होती!

आपल्या न्हावाशेव्यालाही हे नवं नाही. जानेवारी 2024 मध्ये चीनहून कराचीला चाललेलं जहाज थांबवून सुमारे 22 टनांचा माल उतरवून घेतला गेला. आत इटालियन बनावटीचं, संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र. डीआरडीओच्या लोकांनी ते पाहिलं आणि क्षेपणास्त्रासाठी वापरता येईल असं सांगितलं. पाकिस्तान म्हणालं, साधं लेथ मशीन हो!

या सगळ्या कस्टमवाल्यांना एकत्र बांधणारी जागतिक सीमाशुल्क संघटना ब्रुसेल्समध्ये आहे. तिच्या पूर्वावताराची पहिली बैठक 1953 साली भरली, युरोपातले 17 देश हजर होते. ती तारीख आंतरराष्ट्रीय कस्टम दिन म्हणून पाळली जाते. तारीख 26 जानेवारी. म्हणजे भारतातल्या कस्टमवाल्यांना झेंडावंदन मिळालं, जिलेबी मिळाली, वेगळी सुट्टी मात्र हुकली.