गेम खेळताना मळमळतंय? आधी सेटिंग बघा

डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये मान खाली घालून बीजीएमआय हा शूटिंगचा गेम खेळणारी मुलं रोज दिसतात. मुंब्र्याच्या वळणानंतर त्यातल्या एखाद्याचा चेहरा पांढराफटक पडलेला असतो. आतल्या कानाला कळतं की गाडी वळतेय, पण डोळे गेममध्ये भलतीकडेच धावत असतात. घरी याच्या उलट: शरीर खुर्चीत स्थिर, पडद्यावरचं जग पळतंय. मेंदूचा गोंधळ उडतो आणि पोटात ढवळतं.

बराच फरक पडतो तो फील्ड ऑफ व्ह्यूने, म्हणजे पडद्यावर किती अंशांचं दृश्य दिसतं त्याने. कॉम्प्युटरवर पडद्याजवळ बसून 60 अंशांवर खेळलात तर नळीतून बघितल्यासारखं वाटतं. 90 ते 100 ठेवून बघा. माइनक्राफ्टमध्ये तो मुळात 70 असतो, शिवाय चालताना कॅमेरा हिंदकळवणारं ‘व्ह्यू बॉबिंग’ चालू असतं. ते आधी बंद करा. मोशन ब्लर, कॅमेरा शेकही नकोच. गेम अडखळत असेल तर ग्राफिक्स कमी करा, पण फ्रेम रेट सेकंदाला 60 च्या आसपास राहू द्या. खोलीत दिवा लावा, पडद्यापासून थोडं मागे सरका.

जांभया, थंड घाम, तोंडाला सुटलेलं पाणी ही सुरुवातीची लक्षणं. तिथेच थांबा आणि लांबचं काहीतरी बघा. सवय होईल म्हणून रेटू नका, त्रास वाढतो. आणि लोकलमध्ये खेळायचंच असेल तर लुडो किंवा बुद्धिबळ खेळा, शूटिंग घरी.