संगणकातला बैल आणि गोठ्यातला बैल

या पानावर आपण नेहमी बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. गावोगाव फिरताना हल्ली एक प्रश्न वरचेवर कानी येतो : "साहेब, पोरगं दिवसभर वहीत नाहीतर संगणकावर चित्रं काढत बसतं. शहरातली संस्था भरमसाट फी सांगते. म्हैस विकून भरावी का?"

म्हैस विकण्याआधी पोराचे काम नीट पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा एका मुलाचे काम मी पाहिले. प्रवेशाला किंवा नोकरीला जाताना दाखवायच्या निवडक कामाला ही मुले पोर्टफोलिओ म्हणतात. त्याच्यात चाळीसेक चित्रे होती. यंत्रमानव, उडते राक्षस, बंदुका. बहुतेक कुठेतरी पाहून उतरवलेली. त्यांतच संगणकावर घडवलेला एक बैल होता. अंगावर केस, कातडीला चमक, गळ्यात घुंगुरमाळा, सगळा थाट केलेला. पण मागचे पाय माणसाच्या गुडघ्यासारखे पुढे वाकलेले! जमीन न नांगरता पेरणी केल्यासारखे ते दिसत होते.

चित्रकला हा माझा प्रांत नाही, पण जनावर पाहण्यात उमर गेली. बैलाच्या पुढच्या पायाला आपण गुडघा म्हणतो, तो हाडांच्या हिशेबाने मनगट आहे. मागच्या पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो, तो घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळ कातडीआड असतो. बैल बसताना आधी पुढचे पाय मुडपतो आणि उठताना आधी मागचा भाग उचलतो. घोड्याचे उठणे याच्या उलट. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. डोळ्यातली बाहुली आडवी असते. खिलारचे कपाळ अरुंद, शिंगे मागे जाऊन वर वळलेली. देवणीचा चेहरा वेगळा, डांगीचा आणखी वेगळा. हे ज्ञान शहरातल्या मुलाला विकत घ्यावे लागते. आपल्या मुलाच्या ते गोठ्यात बांधलेले आहे.

संगणकावरची प्रतिकृती म्हणजे लहान लहान चौकटींचे जाळे. सुरुवातीला थोड्याच चौकटी घ्याव्यात. डोके, छाती, पोट, पुट्ठा यांचे ठोकळे प्रमाणात बसवावेत. वशिंड आणि मानेखालची पोळी त्यानंतर. सांधा वाकतो तिथे जाळ्याची किमान तीन कडी पायाभोवती फिरली पाहिजेत, नाहीतर पाय वाकवताच तो चिपाडासारखा मुरगळतो. केस आणि चमक सगळ्यांत शेवटी.

नमुन्यासाठी फोटो स्वतः काढावेत. अगदी जवळून काढला तर डोके मोठे आणि मागचा भाग लहान येतो. म्हणून दहा-पंधरा पावले लांब उभे राहून, कॅमेरा बैलाच्या पोटाच्या उंचीवर धरून, बाजूने, समोरून आणि मागून असे तीन घ्यावेत. या मुलाच्या वडिलांनी कासरा धरला तेव्हा कुठे बैल स्थिर राहिला. मुलाचे हे खूळ त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिले.

हाताने काढायची रेखाटने मात्र सुटता कामा नयेत. बैलबाजारात वही घेऊन बसावे, दोन दोन मिनिटांत एक जनावर उतरवावे. खोडरबर घरीच ठेवावे. शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, सुताराच्या घरातले. त्यांच्या संकल्पनेतला गुजरातमधला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा २०१८ साली खुला झाला. तोही आधी लहान प्रतिकृतीत घडला आणि मग संगणकाच्या मदतीने वाढवला गेला.

पोर्टफोलिओत दहा-बाराच कामे ठेवावीत, उत्तम ते पहिले. प्रत्येक प्रतिकृतीशेजारी तिचे रेखाटन, रंगाविना करडे रूप आणि जाळे दाखवावे. पाहणाऱ्याला विचार कळतो. दुसऱ्याचे काही वापरले असेल तर तसे लिहावे. पारखी माणसाला नक्कल ओळखता येते.

आता खर्चाचे. ब्लेंडर नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो. (स्वयंपाकघरातले यंत्र नव्हे!) लाटव्हियातील गिंट्स झिल्बालोडिस यांनी त्यातच 'फ्लो' हा संवादाविना चित्रपट केला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. शिकण्यापुरता साधा संगणकही चालतो. वीज केव्हाही जाते, म्हणून काम दर थोड्या वेळाने नव्या क्रमांकाने साठवावे.

शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा द्याव्यात. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाची परंपरा १८५७ पासूनची आहे. अशा ठिकाणचा मार्ग प्रवेश परीक्षेतून जातो आणि तिथे हाताचे चित्रच उपयोगी पडते. खासगी संस्थेत जायचेच असेल तर मागच्या मुलांची कामे पाहावीत, ती मुले आज कुठे आहेत ते विचारावे आणि मध्येच सोडल्यास किती फी परत मिळेल ते लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर पहिला हप्ताही भरू नये.