एकही सुटू नये, एकही दुबार येऊ नये

दिलेल्या पर्यायांतून बनू शकणाऱ्या सगळ्या रचना संगणकाकडून तयार करून घेणे, हे प्रोग्रॅमरच्या नेहमीच्या कामांपैकी एक आहे. ऑनलाइन अर्जाची चाचणी घेणे, महाविद्यालयाचे वेळापत्रक जुळवणे, कोडी सोडवणे, मिश्रणांच्या प्रयोगांची यादी करणे अशा अनेक कामांच्या मुळाशी हेच असते. त्याच्या अटी दोनच आहेत. एकही रचना सुटता कामा नये आणि एकही दुबार येता कामा नये. चार-सहा पर्याय असतील तर कागदावर भागते. पर्याय वाढले की नुसत्या आठवणीवर विसंबता येत नाही. तेव्हा हातातल्या रचनेवरून पुढची रचना सांगणारा नियम लागतो.

अशा रचनांचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात प्रत्येक जागेसाठी ठरलेल्या पर्यायांतून एकेक निवडायचा असतो. चार अंकी पिनमध्ये प्रत्येक जागी दहा अंक येऊ शकतात, म्हणून एकूण पिन १०,०००. दुसरा प्रकार क्रमचयाचा. इथे वस्तू त्याच राहतात, फक्त त्यांचा क्रम बदलतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) याचे नामी उदाहरण आहे. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे आपसांत बदलली तर मूर्तीचे किती प्रकार होतील आणि विष्णूच्या चार हातांतली चार बदलली तर किती? उत्तरे ३६,२८,८०० आणि २४. तिसरा प्रकार समचयाचा. त्यात काय निवडले एवढेच पाहतात, कोणत्या क्रमाने निवडले ते पाहत नाहीत.

समचयाची जुनी आणि पूर्ण यादी आयुर्वेदात सापडते. ‘सुश्रुतसंहिते’च्या उत्तरतंत्रात सहा रसांची सर्व मिश्रणे ओळीने दिली आहेत. एकेकटे रस ६, दोन-दोनांची मिश्रणे १५, तीन-तीनांची २०, चारांची १५, पाचांची ६ आणि सहाही रसांचे १, अशी एकूण ६३. जोड्यांची यादी करताना मधुर रसाबरोबर उरलेले पाच येतात. मग अम्लाबरोबर त्याच्या पुढचे चारच येतात, लवणाबरोबर तीन, कटूबरोबर दोन आणि तिक्ताबरोबर एक. मागे वळून पाहायचे नाही, हा यातला नियम. आजच्या प्रोग्रॅममध्ये एका लूपच्या आत दुसरा लूप लिहितात आणि आतला लूप बाहेरच्याच्या पुढच्या घरापासून सुरू करतात, तेव्हा ते हाच नियम पाळत असतात. आतला लूप दर वेळी पहिल्या घरापासून सुरू केला तर मधुर-अम्ल आणि अम्ल-मधुर या दोन वेगळ्या जोड्या धरल्या जातात आणि यादी फुगते.

लूपच्या आत लूप ही पद्धत सोपी आहे, पण तिला एक मर्यादा आहे. जागा तीन असतील तर तीन लूप, दहा असतील तर दहा, आणि हा आकडा प्रोग्रॅम लिहितानाच माहीत असावा लागतो. जागा किती हे वापरणारा नंतर ठरवणार असेल, तर दुसरा मार्ग काढावा लागतो. एक मार्ग रिकर्शनचा. पहिल्या जागी एक पर्याय ठेवायचा आणि उरलेल्या जागा भरण्याचे काम त्याच फंक्शनला पुन्हा सांगायचे. जागा संपल्या की रचना पूर्ण झाली. मग मागच्या जागेवर येऊन तिथला पुढचा पर्याय घ्यायचा.

दुसरा मार्ग स्कूटरच्या किलोमीटर मोजणाऱ्या मीटरसारखा आहे. शेवटचा आकडा एकेकाने वाढतो आणि नऊच्या पुढे गेला की शून्यावर येऊन शेजारच्या आकड्याला एकने पुढे ढकलतो. भारतीय छंदःशास्त्रात हे तत्त्व ‘प्रस्तार’ या नावाने रुळले होते. पिंगळाच्या ‘छंदःसूत्रा’त लघू-गुरू अक्षरांच्या सगळ्या रचना ओळीने मांडायची पद्धत आहे आणि केदारभट्टाच्या ‘वृत्तरत्नाकरा’त तिचा सोपा नियम आहे. पहिल्या ओळीत सगळे गुरू लिहायचे. पुढची ओळ लिहिताना डावीकडून जो पहिला गुरू भेटेल, त्याच्याखाली लघू लिहायचा. त्याच्या उजवीकडचे सगळे जसेच्या तसे उतरवायचे आणि डावीकडच्या जागा गुरूंनी भरायच्या. सगळे लघू आले की प्रस्तार संपला. तीन अक्षरांना हा नियम लावला की शाळेत शिकवले जाणारे आठ गण मिळतात.

१. ग ग ग – मानावा
२. ल ग ग – यमाचा
३. ग ल ग – राधिका
४. ल ल ग – समरा
५. ग ग ल – ताराप
६. ल ग ल – जनास
७. ग ल ल – भास्कर
८. ल ल ल – नमन

चौथ्या ओळीवरून पाचवी होताना काय घडते ते पाहण्यासारखे आहे. डावीकडून पहिला गुरू तिसऱ्या जागी आहे. तो लघू होतो आणि त्याच्या डावीकडचे दोन्ही लघू पुन्हा गुरू होतात. गुरूला शून्य आणि लघूला एक म्हटले, तर हे द्विमान पद्धतीत एक मिळवणेच झाले. फरक इतकाच की इथे एकक स्थान डावीकडे आहे. संगणकात एखाद्या संचाचे सगळे उपसंच काढताना हेच करतात. प्रत्येक वस्तूसाठी एक बिट ठेवायचा, वस्तू घेतली तर एक, नाही तर शून्य, आणि संख्या एकेकाने वाढवत न्यायची.

क्रमचयांसाठी हा मीटर चालत नाही, कारण तिथे कोणताही अंक पुन्हा यायला नको. तिथे पुढची रचना काढण्याचा नियम वेगळा आहे. समजा, १ ३ ५ ४ २ ही रचना हाताशी आहे. उजवीकडून डावीकडे यायचे. २, ४, ५ असे अंक वाढत जातात आणि ३ पाशी ही चढण मोडते. बदल इथेच करायचा. तीनच्या उजवीकडे तीनपेक्षा मोठा पण त्यांतला सर्वांत लहान अंक ४ आहे. या दोघांची अदलाबदल केली की १ ४ ५ ३ २ मिळते. आता चारच्या उजवीकडची शेपटी उलटवायची की १ ४ २ ३ ५ तयार. शब्दकोशाच्या क्रमाने हीच पुढची रचना आहे. चढण कुठेच मोडली नाही, म्हणजे ५ ४ ३ २ १ आले की काम संपले. क्रमचय ओळीने मांडण्याची अशी पद्धत नारायण पंडिताने १३५६ साली लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’च्या अंकपाश प्रकरणात दिली आहे. त्याआधी तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त स्वरांच्या तानांचा प्रस्तार मांडला होता. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेतले तर ५,०४० क्रम होतात.

यादी पूर्ण मांडली की ती साठवायची कुठे, हा प्रश्न येतो. दहा वस्तूंचे क्रमचय प्रत्येकी दहा बाइटमध्ये लिहिले तर सुमारे ३६ मेगाबाइट लागतात. पंधरा वस्तूंना याच हिशेबाने जवळजवळ २० टेराबाइट लागतील. म्हणून चांगला प्रोग्रॅम यादी साठवत नाही. एक रचना तयार करतो, वापरायला देतो आणि मागणी आली की पुढची काढतो. पायथॉनमध्ये याला जनरेटर म्हणतात. त्या भाषेच्या ‘आयटरटूल्स’ या संग्रहात २००८ पासून तिन्ही प्रकारांसाठी तयार फंक्शने आहेत. पुढची रचना सांगणारा नियम असला की मागच्या रचना लक्षात ठेवायची गरज उरत नाही.

कधी कधी मात्र मधलीच रचना हवी असते. काम दहा संगणकांवर वाटून द्यायचे असेल, तर प्रत्येकाला आपला वाटा कोणत्या रचनेपासून सुरू होतो हे कळायला हवे. छंदःशास्त्रात यालाही उत्तर आहे. पुसली गेलेली ओळ तिच्या क्रमांकावरून काढण्याच्या रीतीला ‘नष्ट’ आणि ओळीवरून तिचा क्रमांक काढण्याच्या रीतीला ‘उद्दिष्ट’ म्हणतात. सहावी ओळ हवी आहे. सहा सम आहे, म्हणून लघू लिहायचा आणि निम्मे करायचे. तीन उरले, ते विषम आहे. गुरू लिहायचा, एक मिळवून निम्मे करायचे. दोन उरले, ते सम आहे, म्हणून पुन्हा लघू. मिळाले ल ग ल, म्हणजे जनास. वरच्या यादीत सहाव्या क्रमांकावर तेच आहे. अब्जावी ओळसुद्धा आधीची एकही ओळ न लिहिता अशीच काढता येते. शार्ङ्गदेवाने तानांसाठी हेच काम ‘खंडमेरू’ नावाच्या कोष्टकाने साधले.

क्रम कोणता ठेवावा, हेही कामावर अवलंबून असते. वरच्या प्रस्तारात चौथ्या ओळीवरून पाचवीवर जाताना तीन अक्षरे एकदम बदलतात. फिरत्या दांड्याची दिशा बिटांत वाचणाऱ्या उपकरणात हे अडचणीचे ठरते, कारण तिन्ही बिट नेमके एकाच क्षणी बदलत नाहीत आणि मधेच चुकीचा आकडा वाचला जातो. ओळीमागून ओळ जाताना एकच बिट बदलेल असा क्रम बेल लॅबोरेटरीजमधील फ्रँक ग्रे यांच्या नावाने ‘ग्रे कोड’ म्हणून ओळखला जातो. त्यांना त्याचे पेटंट १९५३ मध्ये मिळाले. प्रोग्रॅममध्येही त्याचा उपयोग होतो. उपसंचांच्या बेरजा काढायच्या असतील, तर दर वेळी नव्याने बेरीज न करता एकच वस्तू मिळवावी किंवा वजा करावी लागते. क्रमचयांतही केवळ दोन शेजारी अंकांची अदलाबदल करत सगळ्या रचना गाठता येतात. इंग्लंडमधल्या चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांना ही रीत सतराव्या शतकातच ठाऊक होती.

रचना एकमेकींत गुंतवूनही जागा वाचवता येते. ‘यमाताराजभानसलगा’ या दहा अक्षरांत कुठूनही सलग तीन अक्षरे घेतली, तर पहिल्या अक्षराच्या नावाचा गण मिळतो. यमाता हा य गण, मातारा हा म गण, आणि असेच शेवटच्या सलगापर्यंत. आठ गण वेगळे लिहायला चोवीस अक्षरे लागली असती. गणितात अशा साखळीला निकोलास डी ब्रुइन या डच गणितज्ञाचे नाव आहे. चार अंकी सर्व पिन याच रीतीने ४०,००० ऐवजी १०,००३ अंकांच्या एकाच ओळीत बसतात. म्हणून शेवटचे चार अंक जुळताच उघडणारे आणि चुका न मोजणारे कुलूप वाटते त्याहून कच्चे असते.

कितीही चलाख नियम वापरला तरी संख्येपुढे त्याचे चालत नाही. सेकंदाला दहा कोटी रचना काढणारा संगणक ‘लीलावती’तल्या दहा आयुधांचा हिशेब डोळ्याची पापणी लवण्याआधी उरकेल. पंधरा वस्तूंना त्याला साडेतीन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल आणि वीस वस्तूंना सुमारे ७७० वर्षे. इथे वेगवान यंत्र घेण्यापेक्षा निरुपयोगी रचना लवकर ओळखणे फायद्याचे ठरते. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांच्या माऱ्यात न येता ठेवण्याचे कोडे १८४८ पासून प्रसिद्ध आहे. चौसष्ट घरांतून कोणतीही आठ घरे निवडायची म्हटले तर ४,४२,६१,६५,३६८ निवडी होतात. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत एकच वजीर, एवढे पाळले की त्या ४०,३२० वर येतात. एकेक ओळ भरत जायची आणि दोन वजीर समोरासमोर आले की तिथूनच मागे फिरायचे, असे केले तर रिकामा पट धरून फक्त २,०५७ स्थिती तपासाव्या लागतात. त्यांतून ९२ उत्तरे मिळतात. या पद्धतीला बॅकट्रॅकिंग म्हणतात. दुसऱ्या वजिरापाशीच चूक दिसली, तर उरलेले सहा कुठे ठेवायचे याचा विचारच करावा लागत नाही.

काही कामांत सगळ्या रचनांची गरजच नसते. समजा, खरेदीच्या एका ॲपमध्ये भाषा तीन, पैसे भरण्याच्या पद्धती तीन, उपकरणे तीन आणि ग्राहकांचे प्रकार तीन आहेत. एकूण रचना ८१. पण दोष पुष्कळदा दोन पर्याय एकत्र आल्यावरच उघड होतो, उदाहरणार्थ मराठी भाषा आणि यूपीआय. मग प्रत्येक जोडी निदान एकदा तपासली जाईल इतक्याच चाचण्या घेतल्या तरी चालते. त्यासाठी पर्यायांना ०, १, २ असे आकडे द्यायचे. पहिल्या दोन घटकांच्या नऊही जोड्या लिहायच्या. तिसऱ्याचा आकडा म्हणजे पहिल्या दोघांच्या बेरजेला तिनाने भागून उरलेली बाकी. चौथ्यासाठी पहिल्यात दुसऱ्याची दुप्पट मिळवून तशीच बाकी काढायची. पहिल्या दोन जागी १ आणि २ असतील तर तिसरा ० आणि चौथा २ येतो. या नऊ ओळींत कोणत्याही दोन घटकांची प्रत्येक जोडी नेमकी एकदा येते. अशा मांडण्यांचा पद्धतशीर अभ्यास सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात केला. पुढे शेतीच्या आणि कारखान्यांतल्या प्रयोगांपासून सॉफ्टवेअरच्या चाचण्यांपर्यंत तो कामी आला.

तीन पर्याय एकत्र आल्यावरच दिसणारा दोष या नऊ चाचण्यांतून निसटू शकतो. म्हणून विमानाच्या किंवा वैद्यकीय उपकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोड्यांवर थांबणे पुरेसे नसते. तिथे तीन-तीन, चार-चार घटकांची एकत्र येणारी मूल्येही तपासावी लागतात. त्यामुळे लूप लिहिण्याआधी एकूण रचना किती होतात, हे मोजावे. संख्या आवाक्यात असेल तर पुढची रचना सांगणारा नियम पुरतो. ती आवाक्याबाहेर असेल तर निरुपयोगी फांद्या आधीच छाटाव्या लागतात किंवा निवडक रचनांवर भागवावे लागते, आणि त्या निवडीत काय निसटू शकते हेही चाचणीच्या अहवालात नोंदवावे लागते.